उलटं मारलेलं दोन बिल्लं

हवालदार, तुला जाऊन वीस दिवस झालं आन माजा राग अजून उतरंना. मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायचं असतंय म्हणून तेराव्याला समद्यांनी तुला चांगलं म्हणलं. मीबी मान हलवली. तोंडात गोड घास हुता, बोलता येत नव्हतं. आता तोंड रिकामं हाय. आता ऐक.

ह्ये मी बोलतूया आन रूपाली, माजी सून, कम्पुटर बडवतीया. मला लिवता येत न्हाई ह्ये तुला ठावं हाय. साळंचं निम्मं दिवस मी मेंढरू हुडकण्यात घालवलं आन निम्मं दिवस मास्तरनं मला हुडकण्यात घालवलं. म्हणून रूपालीला बसवलीया. तिनं आधीच सांगून टाकलंय, "मामा, शिव्या मी टाइप करणार न्हाई." त्यामुळं सुरवातीच्या तीन शिव्या हितं दिसणार न्हाईत. तू त्या धरून वाच.

विलास ह्ये तुजं खरं नाव. पर कवठे महांकाळात त्या नावानं तुला एकटी तुजी बायको हाक मारायची, तीबी चिडल्यावर. बाकी समद्यांना तू हवालदार. जलम कोयनानगरचा, नोकरी फौजेत, तीबी बंदुकीची न्हाई, डेपोतल्या सामानाची. रिटायर होऊन बायकोच्या गावाला आलास आन दुसऱ्याच आठवड्यात माज्या मेंढरांच्या वाड्याच्या काटेरी कुपाटीपाशी हुबा ऱ्हायलास. पाठीमागं हात, छाती म्होरं. मला वाटलं कुटला सायेब आला. मी बिडी इझवली. अजून त्या अर्ध्या बिडीचं वाईट वाटतंय.

"ही मेंढी कुणाची लेक?" तू इचारलंस.

"राजाची. माजा थोरला नर त्यो."

"आन ही?"

"तीबी राजाची. तिची आई मोरी, मोरीची आई कानी, कानीची आई साथीत गेली."

चाळीस मेंढ्या तू बोट दावून इचारल्यास आन चाळिसांची आई-आजी मी घडाघडा सांगितली. छाती माजीबी म्होरं आली. मग तू हळूच इचारलंस, "आन तुजा नर तू ज्यांना दिलास, त्यांच्या मेंढ्या?"

तितं माजी गाडी फसली. माजा धंदा काय, तर पैदाशीचं नर तयार करायचं आन जतपासनं आटपाडीपतोर धनगरांच्या कळपाला द्यायचं. एक नर एका कळपात दोन वरसं, मग दुसरीकडं. त्येच्या लेकी हितं, नाती तितं, त्यातला एखादा नातू फिरून माज्याच वाड्यात. माज्या डोक्यात माजी मेंढरं हुती, गावाची नव्हती. आन नर जर आपल्याच भनीवर गेला तर कोकरं कशी हुत्यात ह्ये कुणा धनगराला सांगाय नको. पाय वाकडं, दूध वढायची ताकद न्हाई. त्या वरसी ताराक्काच्या कळपात तसंच झालंवतं. ताराक्का मंजी जतकडची म्हातारी धनगरीण, नवरा गेल्यापासनं एकटी साठ मेंढ्या राखती, निम्मं कानडीत आन निम्मं मराठीत शिव्या देती. त्या वरसी तिनं दोन्ही भाषा माज्यावरच वापरल्या.

तवा तू म्हणलास, "बिरा, ह्येला डेटाबेस लागतूय."

मी म्हणलं, "मिळंल का ढोरांच्या दवाखान्यात?"

तू हसला न्हाईस. तेवढं एक बरं केलंस. भुईवर तीन घोंगडी हातरायला लावलीस. पैल्या घोंगड्यावर मेंढरांचं खडं, दुसऱ्यावर माणसांचं, तिसऱ्यावर विणीचं, कोण कवा व्याली त्येचं. "एक मेंढरू, एकच खडा," तू म्हणलास. "दुसऱ्या घोंगड्यावर खडा न्यायचा न्हाई. फकस्त धागा न्यायचा." आन माज्या बायकोची लोकर घिऊन तू खड्याला खडा जोडलास. मोरीच्या खड्यापासनं धागा विणीच्या खड्याला, तितनं राजाच्या खड्याला, राजापासनं ताराक्काला. "आता कुटलाबी धागा वढ. दुसऱ्या टोकाला कोण हाय ते कळतंय."

मला समदं कळलं. तेवढ्यात शेजारची शेळी आली आन तिनं डेटाबेस खाल्ला.

तू म्हणलास, "म्हणूनशान कॉपी ठेवायची असती." भूकंपाच्या गावचा तू. टेबलाला कम्पुटर सुतळीनं बांधलास. एक कॉपी तुज्या घरी, एक रूपालीपाशी, एक पेनड्राइवमदी घालून माज्या बायकोच्या हळदीच्या डब्यात. तीन वरसं झाली, आमची आमटी कवा न् कवा पेनड्राइव लागून ढवळल्याली असती.

आता तुजा पैला गुन्हा.

सत्तेचाळीस नंबरची मेंढी मेली. लय गुणाची हुती गड्या. तिला हाकावी लागत नव्हती, तीच कळप घिऊन जायाची. ती मेली तवा तिची लेक आठ दिवसांची हुती. आमच्यात म्हातारी गेली की तिचं नाव नातीला, नात नसली तर लेकीला. नाव भुईवर पडू द्यायचं न्हाई. मी काय केलं, मेलेलीच्या कानातला नंबराचा बिल्ला कापून काढला, लोकरीच्या दोऱ्यात ववला आन लेकीच्या गळ्यात बांधला. आईचं डोरलं लेकीला घालावं तसं. माज्या डोळ्याला पाणी आलंवतं, ह्ये मी तुला सांगितलं नव्हतं.

रूपालीनं गळ्यातला नंबर वाचला आन कम्पुटरात घातला. कम्पुटर म्हणला, ह्यो नंबर हाय आदीच. रूपाली तवा नवी हुती, तिला वाटलं जुनीच नोंद दुरुस्त करायची असंल. तिनं आईच्या खान्यात सत्तेचाळीस घातलं. ("मामा, ते लिहायलाच पाहिजे का?" लिव. माजंबी लिवलंयस की.)

तू आलास, चष्मा लावलास आन म्हणलास, "बिरा, तुजी ही मेंढी सोताच सोताची आई हाय. आन जलमल्यावर आठव्या दिवशी मेलीया."

मी म्हणलं, "नाव चालवलंय मी तिचं."

"नाव चालव की. पन्नास पिढ्या चालव. नंबर चालवायचा न्हाई. मेलेल्याचा नंबर मेलेल्यापाशीच ऱ्हातो. त्यो दुसऱ्याला दिलास तर मेलेलीच्या समद्या लेकींची आई बदलती."

"मग मेलेल्याचं ऱ्हायलं काय आपल्यापाशी?"

"धागं," तू म्हणलास. "ते तुटत न्हाईत."

ह्यो वाद आपला कवाच मिटला न्हाई. मी म्हणायचो तुजं काळीज लोखंडी, तू म्हणायचास माजं डोकं लोकरीचं. ते घरातल्या घरात ऱ्हायलं असतं तर मी गिळलं असतं. पर तू गुरवारी मेंढरांच्या बाजारात गेलास, चाच्या टपरीवर बसलास, आन मिशीला पीळ देत समद्यांना सांगितलंस. त्या दिसापासनं मला कुणी बिरा म्हणंना. "आली का सोताची आई?" "सोताच्या आई, चा घे." ताराक्कानं तर मला वाटंत हुबा करून कोपरापासनं नमस्कार केला आन म्हणली, "आई, आशीर्वाद दे." भाचीच्या लग्नात पंगतीला वाढपी म्हणला, "सोताची आई आलीया, दोन लाडू घाला."

लाडू मी खाल्लं. पर तवाच ठरवलं, हवालदार, तुजी जिरवायची.

आन तुजी जिरवायची मंजी काय करायचं ह्ये मला आयतं ठावं हुतं. तुज्या धाग्यांची गाठ मारायची.

पावसाळ्याआदी दोन नर बिल्लं मारायला आलं. एक सांगोल्याकडनं आणल्याला, त्येचा इकडं कुणाशी धागा नव्हता. त्येचा नंबर एकशेबारा. दुसरा राजाचा लेक, एकशेअठरा. तू बिल्लं माज्या हातात दिलंस, चिमटा दिलास, दोनदा सांगितलंस, "ह्येला ह्ये, त्येला त्ये." आन तू पाणी प्यायला वळलास. मी उलटं मारलं. एकशेबाराचा बिल्ला राजाच्या लेकाच्या कानात, एकशेअठराचा सांगोल्याच्या कानात. तू वळायच्या आत उरकायची घाई केली, म्हणून माज्या सोताच्या अंगठ्याचं कातडं चिमट्यात घावलं. मी बोंब मारली. तू पळत आलास, अंगठ्याला हळद लावलीस, फडकं बांधलंस. ज्येचं घर मी पेटवत हुतो त्योच माज्या अंगठ्यावर फुंकर घालत हुता. मला तवाच सांगता आलं असतं. मी म्हणलं, "जोरात बांध."

त्येच्या म्होरलं पाच म्हैनं माज्या आयुष्यातलं लय चांगलं गेलं. तू रोज यायचास, कम्पुटर उघडायचास आन डोकं खाजवायचास. "बिरा, काय तरी चुकतंय रं. ह्या नराचं रूप कागदाशी जुळंना."

"तुज्या डेटाबेसचं काय सांगावं बाबा. आमचं डोकं लोकरीचं."

"तीनदा तपासलं."

"चौथ्यांदा तपास. फौजेत शिकला न्हाईस का?"

तू उसासा टाकायचास. मी पाठ फिरवून तोंडात टॉवेल कोंबून हसायचो. घरी बायको म्हणायची, "काय झालंय तुमास्नी, दात दुखत्यात का?" आज सांगू, उद्या सांगू, बाजारात चारचौघांत सांगू, मंजी टपरीवर तुजंबी नाव पडंल, असा माजा बेत हुता. तुज्यासाठी नावबी काढून ठेवलंवतं. ते आता कशाला सांगू, रूपाली टाइप करणार न्हाई.

आन तू मेलास. सकाळी दात घासताना. ना दुखणं, ना दवाखाना, ना मला निरोप. पाच म्हैनं मी मेजवानी शिजवली आन तू पान मांडायच्या आदी उठून गेलास. तुला खांदा देताना मी रडलो असं समदी म्हणत्यात. मी चिडलोवतो, हवालदार. डोळ्यातनं येतंय ते समदं एकाच रंगाचं असतंय, लोकांना काय कळतंय.

मागल्या गुरवारी ताराक्का आली. अंगणात बसली, पाणी प्याली, तुज्यासाठी पदर डोळ्याला लावला. मग म्हणली, "बिरा, नर दे. मागं त्या वरसी माजी निम्मी कोकरं गेली. अजून एक वरीस तसं गेलं तर मी कळप इकून लेकीच्या दारात बसते. माज्या मेंढ्या राजाच्या लेकी हायत, राजाचा धागा नसल्याला नर पायजे. हवालदारनं मागंच सांगितलंवतं, एकशेबारा ने म्हणून."

मी वाड्यात गेलो. एकशेबाराचा बिल्ला कानात घिऊन राजाचा लेक हुबा. तिच्या साठच्या साठ मेंढ्यांचा भाऊ. त्येच्या बाजूला खरा एकशेबारा, कानात एकशेअठरा. त्येला भाईर काढावा तर ताराक्काला आकडा वाचता येतूय, आन कागदावर लिवलंय, एकशेअठरा राजाचा लेक. का म्हणून दिला, तर सांगावं लागणार. अंगणात तिच्याबरूबर गावची आठ माणसं बसल्याली. सोताची आई परत चावडीवर जाणार.

मी काय केलं? हवालदार, मी राजाच्या लेकाला दावं लावलं आन भाईर आणला. लिव रूपाली, खरं लिव. आणला. दावं ताराक्काच्या हातात दिलं. माजा इचार असा, की ती जाऊ दे, सांजंला कायतरी करू. असला इचार करायला मला साळंची गरज लागत न्हाई.

रूपाली आत वंशावळीचा कागद छापत हुती. आतनं हाक आली, "मामा, जरा आत या."

ती रोज तुजा छोटा फॉर्मच वापरायची. वंशावळीचा कागद एरवी तूच काढायचास, त्या फॉर्मातनं त्यो निघंना, म्हणून तिनं पैल्यांदा समदं टेबल उघडलं. शेवटाला शेऱ्याचा खाना हुता, आमाला कवा न दावल्याला. एकशेबाराच्या म्होरं तू लिवलंवतंस. तिनं हळू वाचून दावलं:

"ह्याचा बिल्ला ११८ च्या कानात आहे, ११८ चा ह्याच्या. काम बिराचं. तिसऱ्या दिवशी रंगावरून कळलं. विणीच्या नोंदी खऱ्या नंबराने करत आहे. बिराला बोलायचं नाही. तो आपण होऊन सांगेल. सांगितल्यावर ही ओळ पुसावी."

तिसऱ्या दिवशी! मंजी पाच म्हैनं तू डोकं खाजवलंस ती नाटकं. उसासं नाटकं. मी टॉवेल तोंडात कोंबत हुतो आन तू चष्म्याखालनं बगत हुतास. माज्या चालीवर तू चाल केलीस, आन वर मेलास. ह्येला काय म्हणायचं? कोयनेच्या धरणाचं पाणी बरं, सोडायच्या आदी भोंगा तरी वाजवत्यात.

रूपालीनं नुसतं इचारलं, "कागद छापू का मामा?"

मी दारात आलो. ताराक्का दावं धरून हुबी. आन मला झटक्यात कळलं, की बदला घ्यायची येळ हीच. तू लिवलंयस, "आपण होऊन सांगेल". मग न सांगितलं की झालं! तुजा शेरा खोटा. तुजा डेटाबेस खोटा. फौजी माणूस जलमभर एक ओळ चुकला न्हाई, ती शेवटची चुकवायची. मला फकस्त तोंड मिटून घ्यायचं हुतं. आन माजं तोंड, तुला म्हायती हाय, तेवढंच एक काम त्येला कवा जमलं न्हाई.

"ताराक्का, दावं सोड," मी म्हणलं. "ह्यो राजाचा लेक हाय. बिल्लं मी उलटं मारल्यात. मुद्दाम. हवालदारची जिरवायला."

ताराक्कानं नराचं तोंड वर केलं, नाक बगितलं. "आवं बया. मगाधरनं मी म्हणतीया, ह्येचं नाक राजासारखं कसं. पर म्हणलं, हवालदारचा कागद हाय, माजं डोळं म्हातारं झालं असतील. तसाच न्हेला असता रं मुडद्या." मग दावं माज्या अंगावर फेकलं. "साठ मेंढ्यांच्या जिवावर चेष्टा करतूस? त्यापरीस सोताची आई बरी हुती. ती तरी येडी हुती."

कुणी हसलं न्हाई, हवालदार. आजवर माज्यावर समदी हसली ते मी सोसलं. त्या दिवशी आठ जणांतला एकबी हसला न्हाई, ते मात्र मला सोसंना.

खरा नर घिऊन ती गेली. तिच्या म्होरंच दोन्ही बिल्लं कापून नीट मारलं. ह्या खेपंला अंगठा मधी आला न्हाई, आला असता तर बरं झालं असतं, फुंकर घालायला कोण न्हाई ह्ये तरी एकदाचं कळलं असतं. जाताना वळून म्हणली, "त्यो असता तर त्येनं तुला मारला असता का?"

"न्हाई. चा पाजला असता."

"मग त्येच वाईट," म्हणली आन चालाय लागली.

आता ऐक, बदल्याचं काय झालं. ह्याच हप्त्यात राजाच्या एका लेकीला कोकरू झालं. नर हाय. जलमल्या-जलमल्या पाय फाकवून, छाती म्होरं काढून हुबा ऱ्हायला, आन आईच्या सडाकडं जायच्या ऐवजी समद्या कळपाकडं तपासणी केल्यासारखं बगाय लागला. तोंडावर मिशीसारखा तपकिरी पट्टा. मी त्येचं नाव हवालदार ठेवलंय. आमच्यात नाव भुईवर पडू देत न्हाईत. त्येला मी रोज सकाळी शिव्या देतूया. रूपाली तितं न्हाई, त्यामुळं पुऱ्या देता येत्यात.

नंबर मात्र त्येला नवा दिलाय. माणसांच्या घोंगड्यावर तुजा नंबर एक हुता, सोताच घेतलावतास, आगाऊ. त्यो कुणाला देणार न्हाई. रूपालीनं दावलं, त्या एकपासनं समदीकडं धागं गेल्यात, तू केलेल्या प्रत्येक नोंदीला. म्हणली, "मामा, काकांना काढायचं म्हणलं तरी कम्पुटर काढू देत नाही." मी म्हणलं, "काढ म्हणलंय कुणी?"

मग तिनं तुजी ती ओळ उघडली. "सांगितल्यावर पुसावी म्हणलंय काकांनी. पुसू?"

तीन वरसं तुजं ऐकलं. घोंगडी हातर म्हणलास, हातरली. हळदीचा डबा दे म्हणलास, दिला. म्हणलं, "न्हाई पुसायची. ऱ्हाऊ दे. ज्येला कुणाला उघडून बगायचंय त्येनं बगावं, काम बिराचं. आन त्येच्याखाली माजी एक ओळ घाल."

"काय घालू?"

मी म्हणलं, घाल: सांगितलं.

पाच म्हैनं तू ज्येची वाट बगितलीस ते तुज्या मागं झालं, आन तुला कळलं न्हाई. तुजा हुकूमबी मोडलाय, ओळ तशीच हाय, तिन्ही कॉप्यांत, हळदीच्या डब्यातसुदीक. मला एवढाच बदला जमला, हवालदार. तुला राग आला असंल तर ये आन पूस.